पंख्यांच्या सड्यावर चुन्याचा दगड

दिवाळीच्या डब्यांत चकलीचा चुरा तेवढा उरला की समजायचं, आता बाईसाहेब कुठंतरी निघणार. हे माझ्याबद्दल आमच्या सुनीलचं मत आहे आणि ते खोटं नाही. यंदा मी नुसतं विचारलं, "पाटणच्या वर पवनचक्क्यांखाली एक मुक्काम करायचा का?" तो बातम्या बघत होता. "पंख्याखाली तर रोजच झोपतो की," म्हणाला. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं कळलंय, की हा त्याचा होकार असतो.

शनिवारी सकाळी सहाला माधवनगरहून निघालो. निघताना बाल्कनीचं दार लावायला त्याला टेकवलेला वरवंटा पायानं बाजूला सारला. आईचा तो. पाटा केव्हाच फुटला, वरवंटा तेवढा माझ्याकडं आला, आणि दार वाऱ्यानं आपटू नये एवढंच काम आता त्याला उरलंय. चटणी मिक्सरमध्ये होते.

इस्लामपूर, पेठनाका, मग हायवे. कारखाने सुरू झालेत, त्यामुळं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं जायची तयारी ठेवा आणि हॉर्न वाजवून उगाच जीव काढू नका. कराडला मिसळ खाल्ली. पाटणला गाडीत पेट्रोल भरून घ्या, वर काही मिळत नाही. तिथून घाट चढायला लागलो की बाई, दुसरा गिअर आणि देवाचं नाव! कठडा सगळीकडं नाही. रस्ता मात्र रुंद आहे, कारण पंख्यांची लांबलचक पाती वर न्यायला तो करावा लागला होता. मी ज्या रस्त्यानं स्वप्नं बघायला चालले होते तो माझ्यासाठी झालेलाच नव्हता.

आणि मग एका वळणानंतर घाट संपला, आणि समोर सडा. कातळाच्या या उंच सपाटीला इथले लोक सडा म्हणतात. गवत वाळून सोनेरी झालेलं, फुलांचे दिवस सरलेले, गर्दीही सरलेली. जिकडं बघावं तिकडं पंखे. कुणी फिरतोय, कुणी विचार करत उभा आहे, कुणी नुसताच थकलाय. गाडीतून उतरून मी कातळावर आडवीच झाले. पात्याची सावली गवतावरून सरकत यायची, अंगावरून जायची, पुन्हा यायची. लहानपणी तापात पडलं की आई पदरानं वारा घालायची, तसं वाटत होतं. हूऽप, हूऽप असा आवाज, मध्येच गाईच्या गळ्यातली घंटा. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर सुनील शेजारी घोरत होता.

आमचा मुक्काम नामदेवदादांकडं होता. दादा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पाठ अजून ताठ. सड्याच्या कडेला त्यांच्या स्वतःच्या रानात तीन तंबू आहेत. दोन वेळचं जेवण, सकाळचे पोहे, सगळं धरून माणशी हजार रुपये. संडास-बाथरूम पक्कं आणि स्वच्छ आहे, हे मुद्दाम लिहिते, कारण बायका आधी तेच विचारतात. स्वयंपाक मंगलवहिनी करतात. मुलगी काजल कराडला हॉटेलचं शिक्षण घेते.

"शिकून पुन्याला जात न्हाई म्हनती," वहिनी चहा देताना म्हणाल्या. "हितंच येऊन हे वाढवनार म्हनती. आता बोला!" बोलताना त्यांचा चेहरा एवढा फुलला होता, की चहात साखर जास्त झाल्याचं मी सांगितलंच नाही.

संध्याकाळी दादा आम्हाला तंबूंच्या पुढं असलेल्या बैठकीवर घेऊन गेले. बैठक म्हणजे गावच्या गायरानात कड्याच्या टोकाला असलेला बसका कातळ. खाली कोयनेचं खोरं, एकामागं एक निळे होत जाणारे डोंगर. लोक इथं येतात ते या कातळावर बसायला. मीही बसले. थोड्या वेळानं लक्षात आलं, सड्यावर लांब लांब पांढरे दगड चमकताहेत. एक देवीच्या घुमटीपाशी, एक झऱ्यापाशी, एक गवताच्या पट्ट्यात.

"हे काय, दादा? कुणी रांगोळी घातलीय का?"

"चुन्याचे दगड, ताई. जुने बारके पंखे काढून नवे बसवायचे हायती. कमी, पर लय उंच. नकाशा घिऊन कंपनीची मानसं गावात आली आन म्हनली, कुटं पंखा नको ते तुमीच दावा. घरटी एक दगड. चुना लावायचा आन ठेवायचा. उद्या सकाळी आठला मोजनीच्या बाई येऊन समदं लिवून घेनार."

ही पद्धत मला फार आवडली. नकाशावर गावाचं मत मागायचं तर ते दगडानंच मागावं. मी विचारलं, "तुमचा दगड कुठला?"

हाताखालच्या कातळावर थाप मारून दादा म्हणाले, "नकाशात एक पंखा हितंच येतोय. बैठकीवर."

"अहो, मग तुमचे तंबू?"

"पंख्याच्या बुडाशी तंबू ठेवता येत न्हाई. अंतर सोडावं लागतं. आमचं संपलं म्हना."

सुनील म्हणाला, "पण मग इथं दगड का नाही ठेवला?"

आता या माणसाचं कौतुक करावं की डोकं धरून बसावं, तुम्हीच सांगा. गावानं सगळ्यांचे दगड वाहून जागेवर ठेवायचं काम दादांवरच सोपवलं होतं, फौजी माणूस, चोख करील म्हणून. दादांनी ते चोख केलं. घराघरातून दगड आणले, चुना लावला, ज्यानं जिथं सांगितलं तिथं ठेवला. आणि स्वतःचा ठेवलाच नाही. का, तर लाज वाटली.

"कुनी देवासाटी ठेवला, कुनी पान्यासाटी, कुनी जनावरासाटी. त्यात म्या माझ्या धंद्याचा दगड ठिवू? लोक काय म्हनतील? आन पंख्यावर माझा राग न्हाई, ताई. पलटनीतनं आल्यावर सा वर्सं त्यांच्याच राखनीला हुतो. खाल्ल्या मिठाला जागाय पायजे."

"मग मी ठेवते," मी म्हटलं. "मला नाही लाज वाटत."

दादा हसले. "पावन्याचा दगड पावन्यासंगं गावाला जातो. गावाचाच पायजे."

सूर्य बुडाला. पंख्यांच्या टोकांवर तांबूस उजेड बराच वेळ रेंगाळला. एवढं सुंदर काही समोर असताना मी आयुष्यात पहिल्यांदा चिडून बसले होते.

जेवायला चुलीवरची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. वहिनी चटणी पाट्यावर वाटत होत्या, मी जवळ बसले होते. लसणाच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं, का दुसऱ्या कशानं, सांगता येत नाही. आई अशीच एक पाय दुमडून बसायची.

"ह्यांना दुसऱ्याची राखन करायची शिकवलीया," वहिनी खाली बघतच म्हणाल्या. "आपल्या दारात कोन हुबं ऱ्हानार, ते न्हाई शिकवलं. काजलला अजून सांगितलं बी न्हाई म्या. काय सांगू? तू येतीस पर हितं काय न्हाई?" मग वरवंटा थांबला. त्यांनी त्यावरून ओला हात फिरवला आणि एकदम म्हणाल्या, "ताई, बारशात तुमच्याकडं बी गोप्या करत्यात नव्हं?"

करतात ना. बारशाला वरवंट्याला टोपडं घालतात, त्याला गोप्या म्हणतात आणि बाळाच्या आधी त्यालाच पाळण्याखालून या बाईकडून त्या बाईकडं देतात. बाळ दगडासारखं टणक होऊ दे म्हणून. मी हो म्हटलं. वहिनींनी मान हलवली आणि पुन्हा चटणी वाटायला घेतली. थंडीचं जॅकेट न्याच, वारा तंबूशी सारखा गप्पा मारतो. त्या गप्पा ऐकतच मला झोप लागली.

सकाळी तंबूची चेन उघडली तर खोरं गायब! खाली सगळं धुकं, दुधाच्या पातेल्यासारखं काठोकाठ भरलेलं, आणि त्यावर फक्त पंखे. बुंधा नाही, जमीन नाही, नुसती पाती हळूहळू फिरताहेत. पायाखाली नक्की काय आहे याची मला खात्री वाटेना.

त्या धुक्यातून वहिनी येताना दिसल्या. कडेवर तान्हं मूल घ्यावं तसं काहीतरी पांढरं घेतलेलं. बैठकीवर त्यांनी ते ठेवलं. वरवंटा. रात्रीचाच, चुना लावलेला.

तेवढ्यात मोजणीच्या बाई आल्या. बरोबर गावातली आठ-दहा माणसं, चार बायका आणि दादा. दादांची नजर वरवंट्यावर गेली आणि ते जागीच थबकले. "आगं, हे काय केलंस? मानसं काय म्हनतील?"

"म्हनू द्यात," वहिनी म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "देवाच्या दगडात धंद्याचा दगड नको म्हनता नव्हं? ह्यो धंद्याचा न्हाई. काजलच्या बारशातला गोप्या हाय. घरटी एक दगड म्हनलंया. ह्यो आमच्या घरचा."

मग त्या बायकांतली एक म्हातारी पुढं आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "व्हय की! म्याच ह्याला पाळन्याखालनं घेतला हुता. लय जड हाय मुडदा." सगळ्या हसल्या.

मोजणीच्या बाई तरुण होत्या, वही उघडून उभ्या. "कारणाच्या रकान्यात मला काहीतरी लिहावं लागेल. देव, पाणी, चराई... काय लिहू?"

"बसायची जागा, लिवा."

"कुणाची?"

"जो यील त्याची."

बाईंनी लिहिलं. दादा अजून खाली मान घालून उभे होते. मग ते मागं वळले, तंबूकडं गेले. मला वाटलं, चिडले. तर चुन्याचा डबा आणि ब्रश घेऊन परत आले, गुडघ्यावर बसले आणि वरवंट्याला दुसरा हात द्यायला लागले. "चुना पातळ झालाया," एवढंच म्हणाले. "लांबनं दिसायचा न्हाई."

परतताना सडा ओलांडून ठोसेघर, सज्जनगडावरून साताऱ्याला उतरलो. हा रस्ताही पंख्यांच्या कृपेचाच. उन्हात धबधब्याची बारीक धार बघितली, साताऱ्यात कंदी पेढे घेतले, तासवड्याला टोल भरला. हे सगळं तुमच्या उपयोगाला येईल म्हणून लिहिलं, माझं लक्ष कशातच नव्हतं.

तीन आठवड्यांनी दादांचा फोन आला. नवा नकाशा गावात लागला होता. बैठकीवरचा पंखा पलीकडच्या टेकाडामागं गेला. "दिसनार तर हायच, ताई. दिसू द्या. पर तंबूला अंतर भेटलं. काजल उन्हाळ्यात येतीया." मग वहिनींनी फोन घेतला. आनंदात होत्या, पण एक तक्रार होती. नवे पंखे उभे राहीपर्यंत कुणीही दगड हलवायचा नाही असं ठरलंय, त्यामुळं वरवंटा तिथंच. "चटनी मिक्सरात करतीया. पावनी खात्यात मुकाट, पर मला कळतं की!"

पुढच्या रविवारी आम्ही कराडला गेलो आणि आईचा वरवंटा काजलच्या हातात दिला. दोन्ही हातांनी घेतला तिनं, आणि तरी म्हणाली, "बाप रे, काकू, केवढा जड!"

आता संध्याकाळी कृष्णेकडून वारा सुटला की आमच्या बाल्कनीचं दार धाडकन आपटतं. सुनील टीव्हीपुढून ओरडतो, "अगं, त्याला काहीतरी लाव!"

मी म्हणते, आपटू दे.