तालमीतला चेअरमन

"पाठ टेकवू नका, मॅनेजर. पाठ टेकवली की माणूस ऐकत नाही, विसावतो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही खुर्चीत मागं रेललो की दचकून पुढं सरकतो. बायको विचारते, "काय चावलं?" आता तिला काय सांगणार! एक रिटायर साहेब चावलाय, आणि त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली.

मानवतला त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, पुढं सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सकाळी ओसरीवर वेताच्या खुर्चीत ताठ बसायचे. नवा हेडमास्तर असो की नवा सरपंच, कुणाला कुठं काय बोलावं हे सुचलं नाही की तो त्यांच्या ओसरीवर यायचा. असा एक माणूस तुमच्याही गावात असेल. त्याला कुणी नेमलेलं नसतं, पण त्याला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

मी तिथल्या कापसाच्या जिनिंग सोसायटीत कारकून होतो. जुने मॅनेजर गेले, वरून कागद आला, आणि नाइलाजानं मला मॅनेजर केलं. तेही एका वर्षासाठी, 'बघू' म्हणून. आम्ही बौद्ध. वडील गवंडी. आमच्या घरात हात असलेली खुर्चीच नव्हती. मी पहिल्यांदा अशा खुर्चीत बसलो तो त्या ऑफिसात, आणि हात कुठं ठेवायचे तेसुद्धा मला कळेना. काम येत होतं हो. माणसं हाताळता येत नव्हती. संचालकांच्या बैठकीत तोंड उघडलं की कपाळाला घाम फुटायचा आणि मी रुमाल काढायचो.

मला कुणीतरी शिकवणारं हवं होतं. वस्तीतले एक कार्यकर्ते म्हणाले, "टेबलावर हात आपट, सगळं जमतं." परभणीच्या एका प्राध्यापकांनी तीन जाडजूड पुस्तकं दिली. मग मी साहेबांकडे गेलो. त्यांनी आत हाक मारली, चहा आला. दोन कप, एकाच सेटमधले. निळ्या फुलांचे, सोनेरी काठाचे. माझा कपही तोच, त्यांचाही तोच. नंतर साहेबांच्या पत्नीनं दोन्ही कप एकाच ताटलीत ठेवून आत नेले.

झालं. मी माणूस निवडला. तुम्ही हसाल, पण ज्या घरांतून आमच्यासाठी कान तुटलेला कप वळचणीला ठेवलेला असायचा, त्या घरांच्या शेजारी मी वाढलोय. आम्ही माणूस कपावरून ओळखायचो. कप एक तर माणूस आपला, एवढाच आमचा हिशेब होता.

आणि एक गोष्ट. ते मला 'मॅनेजर' म्हणायचे. गावात मी अजून 'ए' आणि 'अरे' होतो. "या मॅनेजर," असं ते फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे. त्या एका हाकेसाठी मी दर रविवारी सायकल मारत जायचो.

त्यांची शिकवायची तऱ्हा निराळी. उपदेश नाही, तालीम. स्वतः चेअरमन व्हायचे आणि मला मॅनेजर करायचे. डोक्याला पंचा गुंडाळायचे, सुपारी गालात धरायचे, आणि आमच्या चेअरमनसारखं आधी खाकरून मग अर्धं वाक्य बोलायचे. "चेअरमन आले!" असं ओरडले की आतून त्यांच्या पत्नी विचारायच्या, "मग चहा किती जणांचा?" मला हसू फुटायचं. साहेब हसायचे नाहीत. "हसलात? संपलं. पुन्हा फाटकातून या." मी पुन्हा फाटकातून यायचो. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

"ऐकून घ्या. त्याच दिवशी उत्तर देऊ नका, जनाब. रुमाल खिशात राहू द्या." सहा महिन्यांत माझा आवाज स्थिरावला. कामगार उठून उभे राहू लागले. खोटं कशाला बोलू, त्या माणसानं मला उभं केलं.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्या वस्तीतल्या बाया वर्षानुवर्षं सरकी काढायच्या जिनावर कापूस लावायच्या. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं, गावोगाव घरं जळाली, तेव्हा सोसायटीनं त्यांना सांगितलं, "तूर्त येऊ नका." ते तूर्त संपेचना. त्यांच्या जागी दुसऱ्या बाया आल्या, आणि आमच्या गयामावशीसारख्या जिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या बाया शेतात निंदायला रोजानं जाऊ लागल्या. मी मॅनेजर झालो त्या दिवशी मावशी दारात येऊन बसली.

"कवा बोलवायलास आमाला? आमच्या हाताला काय झालंय का रे बाबा?"

"या हंगामाला, मावशी," मी म्हणालो. शब्द दिला.

मंडळाची मंजुरी लागणार होती. साहेबांबरोबर त्या बैठकीची तालीम आम्ही महिनाभर केली. पहिलं वाक्य कोणतं, नाही म्हणाले तर दुसरं कोणतं, सगळं ठरलं. शेवटी काहीच चाललं नाही तर मी राजीनाम्याचं बोलायचं. साहेबांनी पंचा काढून ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "खरंच द्याल?"

"नाही साहेब. धाकटा भाऊ औरंगाबादला शिकतोय, घर माझ्यावर आहे. नुसतं बोलायचं."

"इत्मिनान ठेवा," ते म्हणाले. "हे आपल्या दोघांत."

बैठकीच्या दिवशी मी ताठ बसलो. पाठ टेकवली नाही. विषय निघाला, मी तोंड उघडणार तोच चेअरमन खाकरले.

"थांबा मॅनेजर. तुम्ही म्हणणार, या बाया कसबी आहेत. आहेत ना. मग म्हणणार, नव्या बायांनी कापूस नासवला. नासवला. मग म्हणणार, राजीनामा देतो." सुपारी या गालातून त्या गालात गेली. "द्या की. भावाचं शिक्षण कोण करणार मग?"

सगळे हसले. माझी वाक्यं होती ती, क्रमसुद्धा तोच. चेअरमननं मला 'मॅनेजर' अशी हाक मारली होती, अगदी साहेबांच्या सुरात. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

माझा हात खिशाकडे गेला. सगळे त्या हाताकडेच बघत होते, जणू पुढं काय होणार हे त्यांना पाठ होतं. मी रुमाल काढला नाही. समोरचा कागद ओढला, उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि चेअरमनच्या पुढ्यात सरकवला. कुणी हसलं नाही. मी बाहेर आलो.

बाहेर चेअरमनचा ड्रायव्हर जीप पुसत होता. त्या बिचाऱ्याला आत काय झालं याचा पत्ता नव्हता. मला बघून खूश झाला.

"सायेब तुमची नक्कल लय झकास करतेत बरं का! आमच्या मालकाच्या वाड्यावर रोज संध्याकाळी. रुमाल असा काढून असं कपाळ पुसतेत, 'राजीनामा देतो' म्हणतेत आन् मटकन खाली बसतेत. आमी तर हसून हसून बेजार!"

म्हणजे रविवारी आमच्या तालमीत ते चेअरमन व्हायचे, आणि बाकीचे दिवस चेअरमनच्या तालमीत ते 'मी' व्हायचे. माझा घाम, माझी भीती, माझा भाऊ, जे मी त्या एका ओसरीशिवाय जगात कुठं काढलं नव्हतं, त्याचा तिथं तमाशा चालू होता. नोकरी गेल्याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. लाज वाटली. अंगावरचे कपडे कुणी चौकात काढून घ्यावेत तशी.

मी तसाच ओसरीवर गेलो. आज 'या मॅनेजर' झालं नाही.

"साहेब, का?"

ते जरासुद्धा गडबडले नाहीत. "त्यांनीही विचारलं होतं, जनाब. तुमच्या आधी. दारी आलेल्याला मी नाही म्हणत नाही. तुम्हाला शिकवलं, त्यांनाही शिकवलं."

"आणि भावाचं? ते आपल्या दोघांतलं होतं."

ते पंच्याची घडी घालू लागले. मग मी राजीनामा दिल्याचं सांगितलं. तेव्हा मात्र ते पहिल्यांदा खुर्चीत मागं रेलले. चेहरा पडला त्यांचा.

"दिलात? खरोखरचा?" ते म्हणाले. "पण ते तालमीत नव्हतं."

चहा आला. तेच निळ्या फुलांचे कप, दोन्ही सारखे. माझा तसाच ठेवून मी उठलो.

बायांना काम मिळालं नाही. भावाचं कॉलेज सुटलं, दोन वर्षांनी तो पुन्हा परीक्षेला बसला. मी परभणीला एका अडत दुकानात हिशेब लिहायला लागलो, पुढं बरी नोकरी मिळाली. विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन गयामावशीकडे गेलो. तिनं पेढा कपाळाला लावला. म्हणाली, "नाव झालं रे बाबा. आमचं काम तेवढं राह्यलं." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच थंडीत साहेब गेल्याचं कळलं. जायचं नाही असं ठरवूनही मी गेलो. ओसरीवर वेताची खुर्ची रिकामी होती, तिच्या हातावर धुतलेला पंचा वाळत टाकलेला. त्यांच्या पत्नीनं मला ओळखलं.

"तुमचं नाव काढायचे सारखं. म्हणायचे, सगळ्यांना शिकवलं, पण त्या मॅनेजरनं तालीम मोडली."

"रागानं म्हणायचे?"

"काय माहीत बाई. ते कधी रागानं बोलायचे आणि कधी कौतुकानं, हे मलाच कळलं नाही आयुष्यभर." त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर, माझ्या जुन्या जागी बसलो. म्हटलं, आता कोण बघायलाय? आणि मुद्दाम पाठ टेकवली. चांगली सैल सोडून टेकवली, पायसुद्धा लांब केले. आतून कपबशीचा आवाज आला, आणि मी पुढं सरकून ताठ बसलो.