पूर्ण नाव सांगा!

आमच्या सासूबाईंचं बँकेत खातं निघेना, याचं कारण होते आमचे सासरे. आणि ते बिचारे त्या वेळी तिकडे गावी, हिर्डोशीत, भाताच्या खाचरात नांगर धरून उभे होते!

बँका सरकारी होऊन तीनेक वर्षं झाली असतील. भोरलाही एक नवी शाखा निघाली होती. आत्याबाईंनी (मी सासूबाईंना आत्याबाई म्हणे) शेळ्या विकून म्हशीपुरते पैसे जमवत आणले होते आणि ते कमरेला बांधूनच त्या झोपत. अशात गावात टेरिलीनचा शर्ट घातलेला एक इसम अवतरला. हातात काळी बॅग, जिभेवर नुसता गूळ.

"वर्षात दुप्पट, मावशी! पासलीत तर लोकांनी रांग लावलीय!"

आत्याबाईंना डोळ्यांसमोर एकीच्या दोन म्हशी दिसू लागल्या. (दोघींचं शेण कोण काढणार, हा प्रश्न मला एकटीलाच पडला. कारण उत्तरही मीच होते!)

"आत्याबाई, तो भामटा आहे. पैसे बुडतील. बँकेत ठेवा," मी म्हणाले. मी भोरची, मॅट्रिक झालेली. सासरी येऊन वर्ष व्हायचं होतं, पण सल्ले मात्र चार नातवंडं खेळवल्यासारखे देत होते.

"बरं," त्या म्हणाल्या, "उद्या तुजी ब्यांक बगू. न्हाई जमलं, तर परवा त्यो परत येनारच हाय. देऊन टाकीन त्याला."

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या एस.टी.नं भोर गाठलं. काउंटरवर चष्मा लावलेला एक काटकुळा क्लार्क होता.

"नाव?"

"गंगूबाई."

"पूर्ण नाव सांगा."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला! बाईच्या पूर्ण नावाच्या मधोमध नवरा बसलेला असतो, आणि नवऱ्याचं नाव असं उघड्यावर घ्यायचं नसतं. मला कसली लाज? मी पुढं झाले. "गंगूबाई सखाराम—"

"अगं बया!" आत्याबाई किंचाळल्या. "सासऱ्याचं नाव, आन भर ब्यांकेत!"

"तुम्ही नाही सांगायचं," क्लार्क मला म्हणाला. "अंगठा उठवणाऱ्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. त्यांच्याच भल्यासाठी आहे. नाहीतर उद्या कोणीही कोणाचीही सासू घेऊन येईल आणि पैसे काढेल! हं आजी, मधलं नाव?"

"आमच्या मालकाचं हाय."

"ते काय?"

"हाय त्येच."

"म्हणजे काय?"

"लगीन झाल्यापास्नं जे हाय त्येच! बदललं न्हाई!"

मागे रांग वाढत चालली. लोक गालात हसायला लागले. माझ्यातली मॅट्रिक खवळली. "आत्याबाई, काय हा अडाणीपणा! नाव घेतलं म्हणून जीभ झडते का माणसाची?"

"त्या शर्टवाल्यानं न्हाई बाई मला असलं काय इचारलं," आत्याबाई पैशाची गाठ पुन्हा आवळत म्हणाल्या. "पैसं द्या म्हनला, बास! लई सभ्य मानूस. चल घरी."

तेवढ्यात आतून मॅनेजर आले. वयस्क गृहस्थ. त्यांनी प्रकरण ऐकलं आणि हात जोडून म्हणाले, "आजी, उखाण्यात घ्या की!"

आत्याबाईंनी पदर सावरला, खाकरून घसा साफ केला. कॅशियरनं नोटा मोजणं थांबवलं.

"ब्यांकेच्या पेटीला कुलपं दोन मोठी,
सखारामरावांचं नाव घेते म्हशीच्या पैक्यासाठी!"

टाळ्या पडल्या! क्लार्कनं नाव टिपून घेतलं आणि म्हणाला, "आता ओळख द्यायला कोणीतरी खातेदार हवा."

"मी आहे ना!" मी ऐटीत म्हणाले. "वडिलांनी काढून दिलंय खातं."

क्लार्कनं शोधलं. "हे तर माहेरच्या नावावर आहे. आधी बदलायला हवं. तुमचं लग्नानंतरचं पूर्ण नाव सांगा."

मी तोंड उघडलं. मधल्या नावापाशी आले आणि काय सांगू, गाडी तिथंच अडली! लिहून द्यावं, तर हातही चालेना. अख्खी बँक माझ्याकडे बघतेय, शेजारी सासू...

"सांग की," आत्याबाई म्हणाल्या. "जीभ झडतीय व्हय?"

"दोनला काउंटर बंद होतो हं," क्लार्क म्हणाला.

"मग चल. उद्या त्यो येतोयच," आत्याबाई वळल्यासुद्धा!

उखाणा? मला एकही येत नव्हता. लग्नात मी त्याला मागासलेपणा म्हणून नाक मुरडलं होतं ना! आत्याबाईंना माझी दया आली, त्या कानात सांगू लागल्या. लगेच क्लार्क ओरडला, "आजी, दुसऱ्यानं सांगायचं नाही!" शेवटी मी डोळे मिटले, काउंटरची कड घट्ट धरली आणि एक उखाणा जुळवून म्हटला. त्याला ना यमक ना अर्थ. टाळी एकच पडली, तीही चपराशाची.

पण खातं निघालं! पैसे पेटीत गेले आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी शर्टवाला हजर. आत्याबाई ओट्यावर ऐसपैस बसल्या, शेजारच्या चारजणीही होत्या.

"पैसं देत्ये की," त्या म्हणाल्या. "आदी माजं पुरं नाव सांग."

"नावाचं काय करायचंय, मावशी?"

"व्वा रं शाण्या! पैसं घेताना नाव इचारना, मग परत द्यायच्या टायमाला मला वळखशील कसा?"

शर्टवाल्यानं बॅग उचलली. चौघीजणी आपापल्या कमरेच्या गाठी चाचपत उठल्या. एस.टी.ला अजून वेळ होता, म्हणून गडी वरंध घाटाच्या दिशेनं पायीच सुटला!

हिर्डोशीत त्याला कुणी एक पैसा दिला नाही. आत्याबाईंची म्हैस पुढच्याच वर्षी दारात आली. मी मात्र आहे तिथंच आहे. हा लेख मागवणाऱ्यांनी कळवलंय, खाली लेखिकेनं स्वतःचं पूर्ण नाव लिहावं. हे बाजारातून आले, की त्यांनाच लिहायला लावते!