पाय मोडायच्या शुभेच्छा

हडपसरच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाई इयरफोन लावून इंग्रजी वाक्प्रचार पुटपुटत होत्या. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपं, हे कळल्यावर खुदकन हसल्या. ‘ब्रेक अ लेग’ला मात्र त्यांनी इयरफोनच काढला.

“लेकीचं आज पहिलं नाटक आहे,” त्या मला म्हणाल्या. “स्टेजवर जाताना शुभेच्छा म्हणून हेच म्हण, असं बजावलंय तिनं. अहो, घरातून निघताना आम्ही ‘जाते’सुद्धा म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. आणि पोटच्या पोरीला पाय मोड म्हणू?”

“मग काय करणार?”

“म्हणेन इंग्रजीत. आणि लगेच दृष्ट काढेन मराठीत.”

उतरताना, ओळख ना पाळख, मला म्हणाल्या, “येते हं!”

तेव्हापासून त्या बसमध्ये मी शेजारची जागा उगाच जरा वेळ अडवून ठेवतो. येते म्हणाल्यात ना!