उद्धवची जपानी रॅकेट

पुंडलिकनगरच्या आमच्या बॅडमिंटन हॉलच्या कोपऱ्यात एक खोकं आहे. पिसं झडलेली शटलं त्यात टाकायची, असा रिवाज. ती कुणी फेकून देत नाही आणि त्यांच्याशी कुणी खेळतही नाही. किस्स्यांचंही आमच्याकडे तसंच झालंय. सकाळी दोन तास खेळायचं, नंतर तासभर चहा, आणि चहाबरोबर किस्से. त्यातले निम्मे बायका-मुलांसमोर सांगण्यासारखे नाहीत. उरलेल्यांचा विषय एकच, उद्धव देशमुखची रॅकेट.

आधीच सांगून टाकतो, मी त्या रॅकेटवर जळायचो. काही लोक म्हणतात, मला हेवा नाही वाटत, फक्त नवल वाटतं. मला नवल वगैरे काही वाटत नव्हतं. सरळ जळायचो.

*

उद्धव मूळचा कन्नड तालुक्यातला. तिकडं आल्याची शेती, इकडं पाटबंधारे खात्यात नोकरी. मी सहकारी बँकेतून निवृत्त झालेलो. पंधरा-सोळा वर्षं आम्ही डबल्सचे जोडीदार. तो मागं, मी नेटवर. रॅकेटीही जोडीच्याच, गुलमंडीतल्या एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या. त्याची हिरवी, माझी निळी. कंपनीचं नाव दोन्हींवरून कधीच घासून गेलं होतं आणि आमचं काही अडलं नव्हतं.

मग त्याच्या मुलानं सिंगापूरहून रॅकेट पाठवली. जपानी! उद्धवनं ती हॉलच्या बाकावर ठेवली, कव्हरच्या दोन्ही चेन उघडल्या, आणि दोन्ही कोर्टांवरचा खेळ थांबला. जो तो हातात घेऊन हवेत फिरवत होता. कुणी म्हणालं, वजनच नाही. कुणी म्हणालं, आवाज ऐका. एकानं तर वास घेऊन बघितला.

"घे ना कुलकर्ण्या, तू बी फिरवून बघ," उद्धव म्हणाला.

"नको. हाताची सवय बिघडते."

"हवेत फिरवल्यानं?"

"हो. सुरुवात तिथूनच होते."

नंतर बरेच दिवस मी तिला हात लावला नाही. मग एकदा उद्धव पाणी प्यायला गेला, तेव्हा गुपचूप उचलून बघितली. वजन खरंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

*

उद्धवचा स्मॅश पहिल्यापासूनच दणदणीत. शेतात कुदळ मारलेला खांदा तो. पण हिरवी रॅकेट होती तोवर लोक नुसतं "हं" म्हणायचे. आता तोच स्मॅश बसला की बाहेर बाकावर बसलेले म्हणायचे, "वा! काय रॅकेट आहे!" मी नेटवर मर मर मरून समोरच्याला शटल वर उचलायला लावायचो, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

सकाळी आम्ही जोड्या मोडूनही खेळतो. उद्धव समोर आला की माझे साधे साधे फटके नेटमध्ये जायला लागले. शेवटी मी खानसरांना गाठलं. खानसर म्हणजे हॉलचे सर्वेसर्वा. एकेकाळी राज्याकडून खेळलेले, आता गुडघे गेल्यामुळं खुर्चीवर बसून आम्हाला शिकवतात आणि जिल्ह्याच्या प्रौढ गटाची टीमही तेच निवडतात.

"सर, एकदा खरं सांगा. कंपनीनं खेळात फरक पडतो का?"

दोन्ही उत्तरं मला चालणार होती. पडतो म्हणाले, तर उद्धवचं काही कौतुक नाही, सगळं रॅकेटचं. पडत नाही म्हणाले, तर पोराचे पैसे पाण्यात.

खानसरांनी चष्मा पुसला. "फर्क तो पडता मियाँ. सामनेवाले कू पडता."

मी परत कोर्टवर गेलो आणि पहिलीच सर्व्हिस नेटमध्ये घातली.

*

त्यात डॉक्टर भाले आले. उस्मानपुऱ्यात त्यांचा दातांचा दवाखाना. पहिल्याच दिवशी खांद्यावर एवढी मोठी किटबॅग, की मला वाटलं मुक्कामालाच आले. आत सहा रॅकेटी, सहाही त्याच जपानी कंपनीच्या. माणसाला हात दोन, त्यातला खेळायचा एक.

डॉक्टरांची नजर उद्धवच्या रॅकेटवर गेली आणि दोघांचं जमलं. एका गावचे निघावेत तसे ते बोलायला लागले. शाफ्ट म्हणजे दांडी कडक की नरम, तोल पुढं की मागं. "देशमुखसाहेब, तुमचं बॅलन्स हेडकडे आहे, म्हणून स्मॅश असा बसतो," डॉक्टर म्हणाले. उद्धव आयुष्यभर म्हणायचा, "जोरात हाणली की बसती." तो आता मान डोलवून म्हणाला, "व्हय, हेडकडंच हाय."

दुसऱ्या दिवसापासून उद्धवची बॅग डॉक्टरांच्या बॅगेशेजारी. ती जागा माझ्या बॅगेची होती. माझी बॅग म्हणजे बँकेच्या वार्षिक सभेत मिळालेली कापडी पिशवी, हे मान्य. पण जागा तिचीच होती.

*

एकदा चहावर यावरून चांगलंच पेटलं. डॉक्टरांचं म्हणणं, जगातले पहिल्या नंबरचे खेळाडू बघा, त्यांच्या हातात कुठली रॅकेट असते ते बघा.

"ते त्या रॅकेटमुळं पहिल्या नंबरवर नाहीत," मी म्हणालो. "पहिल्या नंबरवर आहेत म्हणून त्यांच्या हातात ती रॅकेट आहे. कंपनी पैसे देते त्यांना. उद्या दुसरीनं जास्त दिले, तर दुसरी धरतील आणि तरी जिंकतील."

मुद्दा बिनतोड होता. डॉक्टरसुद्धा बिस्किट चहात बुडवून विचार करत बसले. मला वाटलं, जिंकलो.

"कुलकर्णी सही बोल रहे," खानसर म्हणाले. "उनको कंपनी पैसा देती, तुम लोगां कंपनी कू पैसा देते."

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जोरात.

उद्धवनं उरलेला चहा संपवला. कप ठेवून तो म्हणाला, "पर एक सांग कुलकर्ण्या. तुला फुकट दिली, तर तू कोणती घेशील?"

मी म्हणालो, चहा गार झाला.

*

खंडेनवमीला आमच्याकडे रॅकेटींची पूजा असते. दोन बाकं जोडायची, वर चादर, त्यावर सगळ्यांच्या रॅकेटी ओळीनं. झेंडूची फुलं दरवर्षी खानसर आणतात, हळदीकुंकू माझ्याकडे. कारण काय, तर कुलकर्णी. मंत्र मला एकच येतो आणि तोही गणपतीचा. पण इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नाही.

त्या वर्षी उद्धवची रॅकेट मधोमध. तिथं ती कुणी ठेवली, माहीत नाही. माझी निळी कडेला, शटलांच्या डब्याखाली निम्मी झाकलेली. डॉक्टरांनी आपल्या सहा रॅकेटी कव्हरातच ठेवल्या. म्हणाले, "कुंकू वरूनच लावा, वॉरंटी आहे."

मी उद्धवच्या रॅकेटीपाशी आलो. ग्रिप पांढरीशुभ्र. मी हळद जरा सढळ हातानं घेतली. पाणीही घेतलं. आता देवाच्या कामात हात आखडता कशाला घ्यायचा? ग्रिप पार पिवळी झाली.

दसऱ्यानंतर उद्धव ती उलटीपालटी करून बघत होता. मला वाटलं, आता चिडणार. मला तेवढंच हवं होतं, एकदा त्यानं त्या रॅकेटवरून तोंड वाकडं करावं.

"आयला, हळदीनं पकड लई भारी झाली," तो म्हणाला. "घाम आला तरी सटकत नाय."

पुढच्या आठवड्यात तिघांनी ग्रिपला हळद लावली. त्यातले एक डॉक्टर.

*

घरी बायकोला हे सगळं रोज नाश्त्याबरोबर मिळायचं. ती बिचारी पोळ्या करता करता ऐकायची. एक दिवस म्हणाली, "अहो, साधन साधन काय करता? पोळी करणाऱ्याच्या हातात असते. तवा कुठल्या कंपनीचा आहे, हे खाणाऱ्याला कळतं का?"

"कळतं," मी म्हणालो. मी तेव्हा हरायच्या मनःस्थितीत नव्हतो. "आपल्या तव्याची पोळी मी डोळे मिटून ओळखीन. तीस वर्षं खातोय."

"तो तवा दिवाळीला भंगारात दिला," ती म्हणाली. "हा नवा आहे. आता होळी आली."

मी अजून अर्धी पोळी मागितली.

*

त्यानंतर आली जिल्ह्याची निवड. प्रौढ गटाची विभागीय स्पर्धा जालन्याला होती. दरवर्षी आमच्या जिल्ह्याची डबल्सची जोडी ठरलेली, देशमुख-कुलकर्णी. कधी जिंकलो नव्हतो. एकदा उपांत्य फेरीपर्यंत गेलो होतो, त्यावर पाच वर्षं बोललो. निवडीचं म्हणून काही नसायचंच. खानसर विचारायचे, "वोही?" आणि उद्धव म्हणायचा, "वोही."

त्या दिवशी खानसरांनी विचारलं, "वोही?"

उद्धव रॅकेटीच्या जाळीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "यंदा डॉक्टरला घेऊ म्हणतो."

मी बुटाची नाडी बांधत होतो. बांधलेली नाडी सोडून परत बांधली.

बाहेर स्कूटरपाशी त्यानं मला गाठलं. "राग मानू नको कुलकर्ण्या. तू आजकाल माझ्यासंगं खेळत नाय. जोडीत असूनबी माझ्या इरुद्ध खेळतोस."

"रॅकेट मिळाली म्हणून जोडीदार बदलायचा?"

"रॅकेटीचा काय संबंध हाय?"

"मग कशाचा आहे?"

त्यानं हेल्मेट चढवलं. स्कूटर सुरू करून गेला. खोटं कशाला सांगू, त्या डॉक्टरचा इतका राग आला की दुखणारी दाढ तशीच ठेवली, त्याच्याकडं गेलो नाही. खानसरांनी मला राखीव म्हणून घेतलं. राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या, टॉवेल आणि टाळ्या.

*

जालन्याला ते दोघं अंतिम फेरीत गेले. पहिल्यांदाच! मी कोर्टच्या कडेला, मांडीवर माझी निळी रॅकेट घेऊन बसलेलो. राखीव खेळाडूकडं रॅकेट लागतेच. समोर नांदेडची जोडी. एक-एक गेम झाला होता. तिसऱ्यात बरोबरी चाललेली असताना उद्धवनं स्मॅश मारला आणि टणकन आवाज आला. जपानी रॅकेटीची तार तुटली.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. अगदी आतून.

डॉक्टरांनी धावत जाऊन आपल्या सहांतली एक दिली. तीच कंपनी, तोच तोल. उद्धवनं एक शटल नेटमध्ये घातलं, पुढचं पार बाहेर. त्यानं ती परत केली. डॉक्टर दुसरी काढायला वाकले. उद्धव त्यांच्या शेजारून सरळ माझ्याकडं आला आणि हात पुढं केला.

"तुझी दे."

मी दिली. सोडायला क्षणभर वेळ लागला, पण दिली.

पुढचं काय सांगू? त्या निळ्या रॅकेटीतून असे फटके निघाले, जे माझ्या हातून कधी निघाले नव्हते. बाजूचे लोक एकमेकांना विचारत होते, कुठल्या कंपनीची आहे हो? डॉक्टर नेटवर उभे होते, माझ्या जागेवर. त्यांनी शेवटचं शटल नेटपलीकडं अलगद टाकलं आणि सामना संपला. जिल्ह्याला पहिल्यांदा कप मिळाला. उद्धव धावत आला आणि त्यानं मला इतक्या जोरात मिठी मारली की चष्मा वाकडा झाला. मीही त्याला सोडत नव्हतो. म्हटलं, आता हा म्हणणार, पुढच्या वर्षी आपण दोघं.

"कुलकर्ण्या," तो म्हणाला, "ही राहू दे माझ्याकडं. माझी तू घे. नवी तार टाकून देतो."

आठवड्याभरात जपानी रॅकेट कव्हरासकट माझ्या घरी आली. बायको म्हणाली, "मिळाली एकदाची. आता तरी नाश्ता सुखानं करा."

दुसऱ्या दिवशी मी ती खांद्याला लावून हॉलवर गेलो. सगळे जमा झाले. बघू बघू म्हणत फिरवायला लागले. कुणी म्हणालं, कुलकर्णी, नशीब काढलं. मी हो हो म्हणत होतो. पलीकडच्या कोर्टवर उद्धव आणि डॉक्टर खेळत होते. उद्धव मागं, डॉक्टर नेटवर. उद्धवनं उडी मारून स्मॅश हाणला. बाकावरून आवाज आला, "वा देशमुख!"

खानसरांनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली. "अब तो खुश? मिल गई ना. अब और क्या होना मियाँ?"

मी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सर, कुणाला सांगू नका. उद्धवकडं आहे तशी निळी आता कुठं मिळेल?"