गोजरबाईचा सत्कार

आमच्या गावात माणूस बदलून गेला तर निरोपाची भाषणं होतात, आला तर स्वागताची होतात, आणि काहीच झालं नाही तर कुणाचा तरी वाढदिवस निघतो. शाल, नारळ आणि माइक यांच्याशिवाय आम्हाला कुणाचं कौतुक करता येत नाही. माइक म्हटला की मंजुश्री मॅडम, म्हणजे मी, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेचा आवाज मोठा असतो आणि ती नाही म्हणत नाही. मेहकरहून बदलून येऊन मला अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत किती सत्कार पार पाडले ते मला आठवतही नाही. त्यातला एक मात्र मानगुटीवर बसला आहे, आणि तो गोजरबाईचा आहे.

गोजरबाई भाजी विकते. दुसरबीडकडे जाणारा रस्ता नदीच्या पुलावर चढतो, तिथे लिंबाखाली तिचं पोतं अंथरलेलं असतं. नदीकाठी तीस गुंठे वावर, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा शिवम. मापात कधी खोट नाही, पण तोंड कारल्यासारखं. कुणी भेंडी नुसती उचलून पिशवीत टाकली की ही त्याचा हात धरते.

"टोक मोडून पाह्य आंदी. कटकन मोडलं तं घे, नाई तं ठेव. भरोशावर भेंडी घेऊ नये, अन् मंग माह्या नावानं बोंबलू नये."

पहिल्या दिवशी मीही हे ऐकून घेतलं होतं. नंतर मला तिची सवयच झाली. शाळा सुटली की पाच मिनिटं तिच्याशी बोलल्याशिवाय मी घरी जात नसे.

तिचं एकच दुखणं होतं, शिवम. चोवीस वर्षांचा उंचापुरा पोरगा उत्तमरावच्या टिप्परवर ड्रायव्हर होता. उत्तमराव आमच्या पट्ट्यातला रेतीवाला. परवाना नाही, पावती नाही, पण नदी त्याच्या बापाची. तहसीलच्या फाटकाशी त्याचा माणूस, पेट्रोल पंपावर त्याचा माणूस, फाट्यावर त्याचा माणूस. साहेबांच्या गाडीचं चाक हललं की नदीत खबर पोचलेली असे. याला ते 'लोकेशन देणं' म्हणत. शिवम आधी लोकेशनवर होता, मग त्याच्या हातात स्टिअरिंग आलं. रेती उपसून उपसून गोजरबाईची विहीर आटली, तेही तिने सोसलं.

"विहीर गेली तं जाऊ द्या, मॅडम," ती म्हणायची. "पोरगं नाई गेलं पाह्यजे."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिच्याकडे एक नवा व्यापारी येऊ लागला. मोटरसायकलला मागे दोन कॅरेट बांधलेले, अंगात मळका शर्ट, जालन्याकडचा म्हणवायचा. नाव निवृत्तीशेठ. एकदा तो निघून गेल्यावर गोजरबाई त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "हा व्यापारी नोहे."

"कशावरून?"

"पाच किलो भेंडी घेतली, एक टोक मोडलं नाई. अन् नजर पाह्यली का? भेंडीवर नाई, पुलावर व्हती."

मी हसले. तिने मात्र पुढच्या खेपेला त्याला सरळ विचारलं, आणि त्याने खिशातून ओळखपत्र काढलं. तिला वाचता येत नव्हतं, फोटो आणि शिक्का तेवढा तिने ओळखला. तो जिल्ह्याच्या पथकातला फौजदार होता. सरकारी गाडी निघाली की खबर फुटते, म्हणून असा वेश घेऊन पुलावर नजर ठेवायला आला होता. त्याला बातमी देणारं कुणी तरी गावातलं हवं होतं.

हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं, तिच्याच तोंडून. ती तयार झाली ती विहिरीसाठी नाही आणि कायद्यासाठी तर मुळीच नाही. उत्तमरावचा धंदा बसला की पोरगा घरी येईल, एवढाच तिचा हिशोब. तिने दोन अटी घातल्या. निवृत्तीशेठ तेव्हा तिच्या बांधावर बसून भाकर-ठेचा खात होता. त्याने भाकरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "या अन्नाची आण, ताई. तुझं नाव माझ्या तोंडून जाणार नाही, आणि शिवमला हात लागणार नाही."

"मले ताई म्हनला तो, मॅडम," तिने मला सांगितलं. "मले तं भाऊच नाई."

मग तिचे फोन सुरू झाले. माझ्यादेखत ती बोलायची, "हाव, निवृत्तीभाऊ. आज सहा कॅरेट भेंडी निघीन, जुन्या वाटीनं." पाटीत तर दोन किलो भेंडी दिसायची. मी गणित शिकवते, पण हे गणित मला कधी सुटलं नाही. सहा कॅरेट म्हणजे सहा गाड्या. आठवड्यात कुठे ना कुठे टिप्पर पकडले जाऊ लागले. ज्या दिवशी शिवमची पाळी असे, त्या दिवशी मात्र गोजरबाईची भेंडी निघत नसे.

उत्तमरावने आपल्याच माणसांत खबरी शोधायला सुरुवात केली. संशय गेला गोविंदावर. तो साधा ट्रॅक्टरवाला होता, त्याचा यात काही संबंध नव्हता. त्याला चौघांनी इतकं मारलं की त्याचा एक हात अजून वर जात नाही. त्या संध्याकाळी शिवम जेवताना आईला म्हणाला, "माय, आपल्यातलाच हाय कोनीतरी. सापडू दे, त्याले त्याच रेतीत गाडतो." गोजरबाईने त्याला अजून एक भाकर वाढली.

मे महिन्यात शिवमच पकडला गेला. त्या दिवशी तिने फोन केला नव्हता. तरी पथक आलं, टिप्पर नेला आणि पोरगाही नेला. बारा दिवस तो आत होता. निवृत्तीशेठ भाजी घ्यायला आला तेव्हा तिने त्याची कॉलरच धरली. तो म्हणाला, "वरून आदेश होता, ताई. माझ्या हातात काही नव्हतं." तिने मान्य केलं. भेंडीचं टोक मोडल्याशिवाय न घेणारी ही बाई, या माणसाचा शब्द मात्र तिने तसाच पिशवीत टाकला.

जूनमध्ये उत्तमरावने एका तलाठ्याच्या अंगावर गाडी घालायचा प्रयत्न केला आणि तो आत गेला. नदीतली यंत्रं गेली. जामिनावर सुटलेला शिवम घरी येऊन वावरात लागला. गोजरबाईचा हिशोब बरोबर निघाला होता. ते तीन महिने तिचं तोंडसुद्धा गोड झालं होतं. माय-लेक पोत्यावर शेजारी बसत. मी दिसले की शिवम चिडवायचा, "मॅडम, टोक मोडा बरं, नाई तं माय मारन." बीबी गावाकडची एक मुलगी बघून झाली होती. दिवाळीनंतर सुपारी फोडायची होती.

सप्टेंबरात, गणपती उठल्यावर, त्याच फौजदारसाहेबांची बढतीवर बदली झाली. कारवाई आमच्या गावात गाजली, म्हणून निरोप समारंभही आमच्याच शाळेच्या मैदानावर ठरला. सुरू व्हायच्या आधी साहेबांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली; गणवेशात तो मळक्या शर्टातला व्यापारी मला ओळखू आला नाही. "माझं भाषण झालं की हे नाव पुकारा, मॅडम. सरप्राइज आहे." चिठ्ठीवर गोजरबाईचं नाव होतं. गावातल्या एका कष्टाळू भाजीवालीचा सत्कार होतोय म्हणून मला आनंद झाला. आता त्या आनंदाचीच लाज वाटते.

गोजरबाई बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली होती. भावाला लांबून बघून घ्यावं म्हणून आली होती. शिवम मंडपवाल्याला मदत करत खुर्च्या लावत होता.

साहेब गणवेशात उभे राहिले. निवृत्तीचं खरं नाव गोजरबाईने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी गोष्ट रंगवून सांगायला सुरुवात केली. मळका शर्ट, मोटरसायकल, कॅरेट. "पिक्चरमध्ये दाखवतात ना, अगदी तसं!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. भेंडीच्या टोकाचा किस्सा सांगितला तेव्हा सगळं मैदान हसलं. मग साहेबांचा आवाज जड झाला.

"पण या पिक्चरचा हिरो मी नाही. एक माउली आहे. चार महिने हीच माउली मला बातमी देत होती. तिचा स्वतःचा मुलगा त्या टोळीत गाडी चालवत होता. पण तिने पोटच्या पोराचीही गय केली नाही! त्याची गाडीसुद्धा तिने धरून दिली!"

टाळ्या पडल्या. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आणि मी, हातात माइक असलेली, अकरा वर्षांच्या सवयीची मी, बोलून गेले, "श्रीमती गोजरबाई यांनी व्यासपीठावर यावं. टाळ्यांच्या गजरात आपण त्यांचं स्वागत करूया." तोंडातून शब्द निघून गेल्यावर त्यांचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला.

गोजरबाई उठली, पण व्यासपीठाकडे आली नाही. शिवमकडे वळली. त्याच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या.

"खोटं हाय ते," ती ओरडली. "शिवम, खोटं हाय बाबू! तुही गाडी म्या नाई सांगतली!"

माझा आवाज सगळ्या गावाला ऐकू गेला होता, तिचा टाळ्यांत बुडाला. साहेब स्वतः खाली उतरले, तिच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ आणि साडी दिली. मी जवळ गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"भाकरीवर हात ठेवला व्हता तुमी," ती म्हणाली.

साहेब फोटोसाठी हसत होते. तसेच हसत म्हणाले, "आता कोणाला भ्यायचं, ताई? सगळे आत आहेत."

या माणसाने स्वतःचं नाव आठ महिने तिच्यापासून लपवलं आणि तिचं नाव माइकवरून सांगून टाकलं. त्यावर मी खूप विचार केला. माणूस दुष्ट नसावा. शिवमला धरून त्याने शब्द मोडला होता आणि ते कुठेतरी खुपत असणार. मग तो मोडलेला शब्द त्याने तिच्या पदरात टाकला आणि वरून शाल पांघरली. भाषणालाही शोभा आली. दुसऱ्या दिवशी तो नव्या ठिकाणी हजर झाला. तिला इथेच राहायचं होतं.

शिवमने खुर्च्या आपटल्या नाहीत. नीट रांगेत ठेवल्या आणि निघून गेला. घरी त्याने आईला एकच विचारलं, "माही गाडी नाई सांगतली म्हनतं. बाकीच्यायच्या तं सांगतल्या ना? गोविंद्याले मारलं तवा मी तिथीच उभा व्हतो. कोनासाठी मारलं त्याले?" तो कपडे घेऊन बाहेर पडला. बीबीवाल्यांनी निरोप पाठवला की मुलीला अजून शिकायचं आहे.

मी शिवमला गाठून सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, नाव तं तुमीच पुकारलं."

गोजरबाईने निवृत्तीभाऊला फोन लावला. त्याने पोरासमोर एकदा खरं सांगावं, एवढंच तिचं मागणं होतं. दोन दिवस घंटी वाजली, तिसऱ्या दिवशी तो नंबरच बंद झाला. सत्काराची साडी तिने वावरातल्या बुजगावण्याला नेसवली. "पाखरं तरी भितीन," म्हणाली.

दसऱ्याला उत्तमराव जामिनावर सुटला. गावाला वाटलं, आता गोजरबाईचं काही खरं नाही. त्याने तिला बोटही लावलं नाही. त्याने शिवमला परत स्टिअरिंगवर बसवलं, आणि तेही दिवसाढवळ्या, पुलावरून जाणाऱ्या गाडीवर.

दिवाळीच्या दोन दिवस आधी मी तिच्याकडे उभी होते. रेतीने भरलेला टिप्पर पुलाच्या तोंडाशी थांबला आणि शिवम खाली उतरला. गोजरबाईने पदर सावरला. किती दिवसांनी पोरगा समोर आला होता.

"ओ बाई," तो म्हणाला, "अर्धा किलो भेंडी द्या."

तिने तराजू उचलला. तो मूठ मूठ भेंडी न बघताच पारड्यात टाकू लागला. तिच्या तोंडून सवयीने निघालं, "टोक मोडून पाह्य ना, बाबू."

"कायले?" तो म्हणाला. "तुमच्यावर भरोसा हाय ना, बाई."

तिने माप केलं आणि नेहमीसारखी एक मूठ वर घातली. त्याने ती मूठ पिशवीतून काढून पाटीत परत ठेवली, पोत्यावर पैसे ठेवले आणि गाडीत चढला.

टिप्पर पूल ओलांडून दिसेनासा झाला. गोजरबाईने परत आलेली ती मूठ पुढ्यात घेतली आणि एकेका भेंडीचं टोक मोडायला लागली. प्रत्येक टोक कटकन मोडत होतं. त्यात एकही जून नव्हती.