डावीकडची खोली

दिवसातून तीन वेळा अडीच हजार माणसं फवारेकाकांपुढे हात पसरायची, आणि त्यांतल्या एकानेही कधी त्यांच्याशी हात मिळवला नव्हता.

कामच तसं होतं. जहाजावरच्या मोठ्या जेवणघराच्या दाराशी बाटली घेऊन उभं राहायचं आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या तळव्यावर दोन फवारे मारायचे. "दोन्ही बाजूंनी चोळा. बोटांच्या बेचक्यांत. वाळेपर्यंत." सकाळी साडेसहापासून हेच. त्यांना खरं आडनाव होतं, पण ते कंपनीच्या कागदांवरच राहिलं. 'फवारेकाका' हे नाव भोपूनं ठेवलं. भोपू म्हणजे त्यांच्या खोलीतला वरच्या फळीवर झोपणारा सोबती, भांडीघरात कामाला. त्याचं नाव कुणी ठेवलं हे सांगायला नको; तो कुजबुजला तरी दोन मजले वर ऐकू जायचं.

वीस वर्षं दाराशी उभं राहून काकांना एक विद्या आली होती. ते माणसं हातांवरून ओळखत. अंगठीचा पांढरा वळ राहिलेला पण अंगठी नसलेला हात, नखं कुरतडलेला, उन्हानं मनगटापर्यंतच भाजलेला. चेहऱ्याकडे बघायला वेळ कुठे होता? मान वर करेपर्यंत चेहरा ताट घ्यायला पुढे गेलेला असायचा.

पण नुसते फवारे मारून गप्प राहतील तर ते काका कसले. माणसं सुटीला निघाली की अक्कल घरात कुलूप लावून ठेवतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते चूकही नव्हतं. पहिल्या दिवशी आठवड्याचं खायचं, दुसऱ्या दिवशी भर दुपारी उघड्या गच्चीवर झोपायचं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दाराशी रांग. काका रांगेतल्या प्रत्येकाला जमेल तेवढं सांगत. ही बाटली म्हणजे साबण नव्हे. पोटाचे जंतू असल्या फवाऱ्याला भीक घालत नाहीत, तेव्हा खोलीत गेल्यावर साबणानं धुवा. जिन्याचा कठडा धरलात ना, मग तो हात तोंडाकडे नेऊ नका. पाणी प्या. लिफ्ट कशाला, जिने चढा.

एकदा काठीवाल्या एक आजी दाराशी येऊन थबकल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच आलेल्या. चेहरा पांढराफटक.

"अहो, मला गरगरतंय. आत जाऊ की परत जाऊ?"

"खोलीत जाऊन पडू नका, आजी. तिथे जास्त गरगरेल. जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा आणि लांब, पाणी-आभाळ मिळतं तिथे बघत राहा. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, आंबट सफरचंद. आणि गोळी गरगरायच्या आधी घ्यायची असते. आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही हो. दरवान."

दुसऱ्या दिवशी आजी टवटवीत होऊन आल्या. "तुमचं औषध लागू पडलं हं," म्हणाल्या आणि उजवा हात पुढे केला. काकांनी त्यावर दोन फवारे मारले. आजी क्षणभर तळव्याकडे बघत राहिल्या, मग हसून हात चोळत आत गेल्या. त्या हात मिळवायला आल्या होत्या हे काकांना कळलं तेव्हा पुढचे सहा जण होऊन गेले होते. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

घर म्हणाल तर आता नव्हतंच. बायको गेली तेव्हा काका भर समुद्रात होते. पोचले ते चौथ्या दिवशी. एकुलती एक लेक तेव्हा कॉलेजात होती. भांडी घासून पालथी घातलेली, चादरी धुऊन वाळत घातलेल्या, आलेले नातेवाईक परत गेलेले. लेक दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तुम्ही नेहमी सगळं धुऊनपुसून झाल्यावरच येता, बाबा."

लहानपणी तिचा आणि बापाचा एकच खेळ होता. वर्षातून दोन महिने घरी आलेला बाप जेवायच्या आधी म्हणायचा, "दाखव." ती दोन्ही तळवे पुढे धरायची. "उलटे." ती हात उलटे करायची. "स्वच्छ आहेत. जा, जेव." दुसरं काही बोलायला दोघांनाही सुचायचं नाही. पाहुण्यासारख्या आलेल्या बापाशी पोर बोलणार तरी काय?

लेकीचं लग्न झालं, ती दूरच्या एका बंदराच्या गावापासून दोन तासांवर राहायला गेली. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. सात महिन्यांची ती चिमणी काकांनी फोनच्या काचेतच पाहिली होती. आणि यंदा जहाजाचा मार्ग बदलला. गुरुवारी जहाज त्याच बंदराला लागणार होतं. एकदाच, पुढच्या फेऱ्या दुसरीकडे. काकांनी दुपारच्या पाळीसाठी मुकादमाच्या हातापाया पडून दहा ते दोन अशी चार तासांची सुटी मिळवली. भोपू त्यांच्या जागी दाराशी उभा राहणार होता.

"माझा आवाज ऐकूनच जंतू मरतील," तो म्हणाला. "तुम्ही जा आणि नातीला पोटभर कुशीत घ्या."

बुधवारी पहाटे काकांचं पोट बिघडलं. एकदा, मग अर्ध्या तासानं पुन्हा.

आता जहाजावरचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, आणि काकांना तर जरा जास्तच. पोट बिघडलं की लगेच दवाखान्यात सांगायचं. सांगितलं की दोन दिवस खोलीत बंद. मधे कुणीही येणार नाही, तुम्ही कुठे जाणार नाही. बुधवार आणि गुरुवार.

"एक गोळी घ्या आणि गप्प बसा," भोपू वरच्या फळीवरून म्हणाला. त्याच्यापरीनं तो हळूच बोलला. "रात्री जड जेवलात, झालं. तुमच्या पोटात कोण डोकावून बघतंय?"

"हळू बोल रे मेल्या."

"चार तासांचा प्रश्न आहे, काका. चार तास! नंतर सांगा की. शुक्रवारी सांगा. दुखणं काय पळून जाणार आहे?"

काकांनी गोळी घेतली. साबणानं हात धुतले, दोनदा. इस्त्रीचा सदरा घातला आणि साडेसहाला दाराशी जाऊन उभे राहिले. जड जेवणच ते, दुसरं काय. आता पोटही शांत होतं. मनाला पटवायला माणसाला वेळ लागत नाही. ते बिचारं पटायलाच बसलेलं असतं.

पहिल्याच आल्या त्या काठीवाल्या आजी. काठी काखेत धरून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कातडी कागदासारखी पातळ, निळ्या शिरा वर आलेल्या. काकांनी बाटली उचलली. त्यांच्या मनात आलं, असल्या हाताला काही लागलं तर आजी आठ दिवस उठणार नाहीत. आणि मग, मनात आणायचं नव्हतं तरी, ती दुसरी इवलीशी मूठ आली, जी हाताला येईल ते थेट तोंडात घालते.

त्यांनी बाटली खाली ठेवली.

"आजी, जरा थांबा. दुसरा माणूस येतोय. आणि आज साबणानंच धुवा."

दवाखान्यातली सिस्टर यंदाच जहाजावर आलेली, तिशीची, कामापुरतं बोलणारी. तिनं वही उघडली.

"किती वेळा?"

"दोनदा."

"ताप? उलटी?"

"नाही."

तिनं लिहिता लिहिता मान वर केली. "काका, उद्या तुमची मुलगी येणार होती ना? अख्ख्या जहाजाला माहीत आहे. भोपूनं सांगितलंय."

"हो."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"तेच तर," काका म्हणाले.

सिस्टरनं वही मिटली. नियम तिलाही वाकवता येत नव्हता, पण एक गोष्ट तिच्या हातात होती. भोपूबरोबरच्या खोलीत काकांना ठेवता येणार नव्हतं. प्रवाशांच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, चौथ्या मजल्यावर, समोरासमोर. दोन्हींना गोल खिडकी.

"एक डावीकडची, एक उजवीकडची. कोणती देऊ? धक्का ज्या बाजूला लागेल ती घ्या, खिडकीतून तरी बघाल."

"डावीकडची," काका क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "जहाज डावीकडूनच लागतं."

वीस वर्षं तोच अनुभव होता ना! जेवणघराच्या दारातून उतरायच्या वाटेला लोक डावीकडे वळायचे. फक्त जहाज लागताना काकांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ती वेळ नाश्त्याची. ते दाराशी हात बघत असायचे.

खोलीत शिरल्यावर काका बराच वेळ उभेच होते. पलंगावर बसायचं धाडस होईना. असल्या गाद्यांवर झोपणाऱ्यांना त्यांनी वीस वर्षं तब्येतीचे सल्ले दिले होते. गादी किती मऊ असते ते आज कळलं. मऊ होती, पण झोप येईना. आपल्या फळीखालचा यंत्रांचा घरघराट इथे नव्हता, भोपूचं घोरणं नव्हतं. दाराबाहेर कुणीतरी मीठ-साखरेचं पाणी आणि कोरडा टोस्ट ठेवून टकटक करायचं आणि आपण दार उघडायच्या आत निघून जायचं. तसा नियमच होता. काकांनीच तो कित्येकांना शिकवला होता.

दुपारी त्यांनी लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. मागे चिमणीचं काहीतरी बडबडणं चालू होतं.

"फार दुखतंय का पोटात?" तिनं विचारलं.

"नाही गं. आता तर काहीच नाही."

"काहीच नाही तर मग सांगायला कशाला गेलात?" आणि काका काही बोलायच्या आत, "नको, सांगू नका. मला माहीत आहे."

"खिडकी आहे इथे. धक्क्यासमोरच. तू आलीस तर बघता तरी येईल. धक्क्यावर दोर बांधायचे लोखंडी खुंटे असतात, तिसऱ्या खुंट्यापाशी उभी राहा."

"पोरीला घेऊन दोन तास बसमधून येऊ, खिडकीसाठी?"

"नाही आलीस तरी..."

"दहाला येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी काका पाचलाच उठले. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, खिडकीची काच आतून टॉवेलनं पुसली आणि खुर्ची ओढून बसले. उजाडलं तसं गाव दिसू लागलं. डाव्याच बाजूला, अगदी बरोबर. गोदामं, धुराडी, धक्का, त्यावर बोटाएवढी माणसं. काकांनी खुंटे मोजायला सुरुवात केली.

मग गाव हळूहळू सरकू लागलं. आधी धक्का गेला, मग गोदामं, मग धुराडी. काकांना वाटलं आपल्यालाच गरगरतंय. गरगरत नव्हतं. जहाज वळत होतं. निघताना सोपं जावं म्हणून काही बंदरांत जहाज जागच्या जागी फिरवून तोंड समुद्राकडे करूनच लावतात. खलाशाच्या पोराला माहीत असलेली गोष्ट, वीस वर्षं जहाजावर राहिलेल्या माणसाला माहीत नव्हती.

दोर पडल्याचा आवाज आला तो पलीकडून, समोरच्या खोलीच्या बाजूनं. काकांच्या खिडकीत पाणी होतं, एक लाल पिंप तरंगत होतं, त्यावर एक पक्षी बसलेला.

त्यांनी सिस्टरला फोन करायला हात उचलला. खोली बदलून मागावी. चार पावलांवर तर होती. पण आजाऱ्यानं वापरलेली खोली म्हणजे दोन माणसं दोन-दोन तास गुडघ्यांवर बसून, नाकाला झोंबणाऱ्या पाण्यानं इंच न् इंच पुसणार. आता एक खोली पुसायची आहे, मग दोन होतील. त्यांनी फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

सव्वादहाला तो आपणहून वाजला.

"आलेय मी बाबा. तिसऱ्या खुंट्यापाशी. केवढं मोठं आहे हो हे! किती खिडक्या! तुमची कोणती?"

"चौथा मजला. गोल."

"सगळ्याच गोल आहेत. आणि ऊन पडून नुसत्या चकाकतायत, आतलं काही दिसत नाही. तुम्हाला दिसतेय का मी?"

पक्षी पिंपावर पाय बदलून उभा राहिला.

"दिसतेस की," काका म्हणाले.

"चिमणी?"

"कडेवर आहे."

"सांगा बघू, टोपी कोणत्या रंगाची आहे?"

काकांनी डोळे मिटले. "काचेवर ऊन आहे गं. रंग कळत नाही. नुसत्या आकृत्या दिसतात."

फोनमधून आवाज येत राहिले. धक्क्यावरचा गलका, कुठली तरी शिट्टी, आणि चिमणीचा श्वास अगदी फोनला लागून.

"पिवळी आहे," लेक म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"हां. पिवळीच. आता कळतेय."

मग दोघांनाही नेहमीसारखं काही सुचेना. चार तासांच्या भेटीचं मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं तसंच राहिलं. बायकोचं, चौथ्या दिवसाचं, सगळंच.

"दाखव," त्यांच्या तोंडून निघालं.

"काय?"

"हात."

पलीकडे फोन खांद्यात धरल्याची खसखस झाली. "हे घ्या. दिसले?"

"दिसले. उलटे."

"केले."

"स्वच्छ आहेत."

"थांबा, हिचेही दाखवते. ए, सोड ना माझे केस... हं. हे बघा बाबा, दोन्ही."

काका खुर्चीतून उठले. खिडकीपाशी गेले आणि तळहात काचेवर टेकवला. काच थंड होती.

"केवढेसे आहेत गं," ते म्हणाले.

"तुम्ही हात हलवा ना. मला दिसणार नाही, पण हलवा. हिला सांगते मी, आजोबा हात हलवतायत म्हणून."

काकांनी हात हलवला. समोरच्या पाण्याकडे, लाल पिंपाकडे, मोकळ्या समुद्राकडे बघत ते हात हलवत राहिले. लेक पलीकडून पोरीला सांगत होती, "ते बघ आजोबा, ते बघ," आणि ती कोणत्या खिडकीकडे बोट दाखवतेय, हे तिलाच ठाऊक.

"आता जा, जेव," बऱ्याच वेळानं काका म्हणाले. "लांब जायचंय. आणि बसमध्ये पोरीला दांडा चाटू देऊ नकोस."

"नाही देत."

ती आणखी पाऊण तास तिथेच उभी होती. हे त्यांना गुरुवारी रात्री, उतरायच्या वाटेवरून तिला पाहिलेल्या भोपूनं सांगितलं, दाराबाहेरून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात.