आमची कॅन्सर मोजणी

कॅन्सरचे पेशंट मोजायची नोकरी केली की किस्से साठतच जातात. फॉर्ममध्ये त्यांना जागा नसते, म्हणून ते आमच्याकडंच राहतात. बेळगावच्या एका नोंदणी प्रकल्पात मी आणि सुमनआक्का, असे दोघं फील्डवर होतो. गावोगाव फिरून फॉर्म भरायचे. ते वर जातात आणि त्यातनं म्हणे देशाचा आकडा निघतो.

*

निपाणीत एक बाई भेटली. घशाचा कॅन्सर. सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. फॉर्मचा प्रश्न होता, तंबाखू खाता की ओढता?

"दोनी न्हाय," बाई म्हणाली.

मी प्रकल्पाच्या साहेबांना फोन लावला. "वखारीतली धूळ लिहू का?"

"तसा ऑप्शन नाही. 'व्यसन नाही' लिहा."

बाईनं विचारलं, "काय लिवलासा?" मी सांगितलं.

"बरं झालं. सरकारदरबारी तरी माझं नाव चांगलं हाय."

*

कोगनोळीचे एक आप्पा. राहणार कर्नाटकात, उपचार कोल्हापुरात. तिकडचे नोंदणीवाले म्हणाले, पेशंट तुमचा. आमचे साहेब म्हणाले, तपासणीचे कागद तिकडं, म्हणजे तिकडचा. तिसऱ्यांदा आक्का कागद मागायला गेली, तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, "तुमचं ठरू द्या सावकाश. गाठ कुठं जात न्हाय."

*

एका वर्षी आमची जीप बंद पडली. दुरुस्तीची मंजुरी येईना. खानापूरकडच्या गावांत वर्षभर कुणी फिरकलंच नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी आलेख दाखवला, त्या भागात कॅन्सर घटला. टाळ्या पडल्या.

आक्का म्हणाली, "साहेब, जीप तशीच ऱ्हाऊ द्या. रोगच संपंल."

मिनिट्समध्ये ते आलं नाही. आलेख मात्र वरच्या ऑफिसात गेला. पुढं आम्ही बिडी वळणाऱ्या बायकांवर संशोधनासाठी निधी मागितला, तर उत्तर आलं, 'विषय महत्त्वाचा आहे, परंतु आपल्या भागात प्रमाण घटत आहे.' पुरावा म्हणून आमचाच आलेख जोडलेला.

*

दर सहा महिन्यांनी जुन्या पेशंटना फोन करायचा नियम होता. वडगावात शंकरअण्णा म्हणून विणकर होते, जबड्याचं ऑपरेशन झालेले. पहिल्यांदा मी आडूनआडून बोलत राहिलो. पाऊस कसा, माग कसा.

"नेमकं काय पायजे तुमास्नी?" अण्णांनी विचारलं.

"फॉर्ममध्ये लिहायचं असतंय, अण्णा. जिवंत की मयत."

पलीकडं मागाचा खडखडाट चालूच होता. अण्णा हसले. "मग आदी सांगायचं न्हवं? लिवा, हाय."

तेव्हापासनं माझा नंबर दिसला की नमस्कारही नाही. "लिवा, हाय," एवढं बोलून फोन ठेवायचे. तीन वर्षं असंच चाललं.

मग प्रकल्पाचा निधी थांबला. आक्का घरी बसली, मला औषधांच्या स्टोअरला टाकलं. फोन करायचं कारण उरलं नाही.

एक दिवस स्टोअरमध्ये खोकी उतरवत होतो. फोन वाजला. मागाचा आवाज ओळखीचा होता.

"सा म्हैनं होऊन गेलं, फोन न्हाय तुमचा," अण्णा म्हणाले. "तुमी हायसा न्हवं?"